निघणारा आणि राहणारा : धर्मसेवेच्या वाङ्मयाची एक कसोटी

१

लखनौ मध्यभागी धरून अवधचा नकाशा समोर ठेवला, तर पूर्वेस अयोध्या, ईशान्येस श्रावस्ती आणि आग्नेयेस, अवधची वेस ओलांडल्यावर, जौनपूर व काशी ही स्थळे दिसतात. धर्मकार्यासाठी घर सोडणारा पुत्र आणि त्याच्या मागे घरात उरणारे वृद्ध मातापिता ह्या विषयावर भारतीय वाङ्मयाने जे चिंतन केले आहे, त्याचा मोठा भाग ह्या टापूत किंवा ह्या टापूकडे येणाऱ्या वाटांवर घडलेला आहे. आंधळ्या आईबापांसाठी शरयूकाठी पाणी भरायला गेलेला मुनिकुमार दशरथाच्या बाणाने पडला, तो येथेच. बुद्धाने मातापित्यांच्या सेवेची प्रशंसा केली, ती श्रावस्तीच्या जेतवनात. आपला पुंडलीक माघारी वळला, तो काशीच्या वाटेवरून. आणि एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत मराठी घरांतून जी तरुण माणसे धर्मजिज्ञासेने बाहेर पडली, त्यांपैकी कित्येकांची पावलेही प्रथम काशीकडेच वळली.

हा पेच शब्दांत मांडायला सोपा आणि सोडवायला दुर्घट आहे. एखाद्या माणसाला आपले आयुष्य धर्माच्या सेवेला द्यावयाचे आहे. त्यासाठी तो अध्ययन करतो, मनाची सिद्धता करतो, निघण्याचा दिवस ठरवतो. त्याच दिवसांत त्याला दिसत असते की वडिलांचा हात काठी धरताना कापतो, आईला संध्याकाळनंतर नीट दिसत नाही. तो जो धर्म शिकवायला निघाला आहे, त्या धर्माची पहिली आज्ञा मातापित्यांचा मान राखण्याची आहे. आणि तीच आज्ञा पाळावी, तर निघता येत नाही. येथे मोहाविरुद्ध कर्तव्य असा सरळ झगडा नाही. दोन्ही बाजूंना कर्तव्यच उभे आहे.

असे असूनही धर्मसेवकांची चरित्रे व आत्मचरित्रे वाचताना ह्या पेचाला क्वचितच त्याचे खरे वजन मिळालेले आढळते. चरित्रकाराची दृष्टी पुढे जाणाऱ्या नायकावर खिळलेली असते. आईचे अश्रू हे नायकाच्या निश्चयाची परीक्षा म्हणून येतात आणि परीक्षा संपली की पुसले जातात. त्या घरात दुसऱ्या दिवशी चूल कोणी पेटवली, हे चरित्रकार सांगत नाही. प्रस्तुत लेखात मराठी वाङ्मयातील काही उदाहरणे ह्याच अंगाने तपासून पाहावयाची आहेत. धर्म श्रेष्ठ की मातृपितृसेवा श्रेष्ठ, हा निवाडा करण्याचा अधिकार समीक्षेला नाही. लेखकाने तो पेच प्रामाणिकपणे मांडला की चतुराईने टाळला, एवढे मात्र तिला पाहता येते आणि पाहिलेही पाहिजे.

२

ह्या तपासणीसाठी एखादी कसोटी हवी असेल, तर ती वाल्मीकीने घालून दिली आहे. अयोध्याकांडात राम, लक्ष्मण व सीता गंगा ओलांडून जातात. कथेचा नायक पुढे गेल्यावर कथेनेही त्याच्या मागोमाग जावे, ही सामान्य अपेक्षा असते. वाल्मीकी तसे करीत नाही. तो सुमंत्राबरोबर रिकामा रथ घेऊन अयोध्येला परत येतो आणि म्हाताऱ्या दशरथाच्या शेजारी, त्याचा प्राण जाईपर्यंत, बसून राहतो. मरणाऱ्या राजाला त्याच वेळी आपल्या तारुण्यातील पाप आठवते. ज्या आईबापांचा एकुलता आधार आपण हिरावला, त्यांचा शाप आज फळाला आला, हे तो कौसल्येला सांगतो. वाल्मीकीने त्या मुनिकुमाराला नावसुद्धा दिलेले नाही. श्रावण हे नाव परंपरेने पुढे दिले. घरी राहून सेवा करणारा पुत्र ज्याने मारला, त्याच्या घरातून त्याचा पुत्र निघून जावा, ही ह्या रचनेतील भीषण संगती आहे.

रामाचे जाणे हे धर्मप्रचारासाठी नव्हते, पित्याच्या वचनासाठी होते, हा भेद खरा आहे. परंतु निरोपाच्या वाङ्मयाला लावण्याजोगा प्रश्न ह्या रचनेतून मिळतो. निघणारा वेशीबाहेर पडल्यानंतर कथा एकदा तरी त्या घरी परत येते काय? ज्या ग्रंथात ती येते, त्या ग्रंथातील त्यागाला किंमत असते, कारण त्या त्यागाची किंमत कोणी मोजली हे तेथे दाखवलेले असते.

३

पाली वाङ्मयात हा प्रश्न जितक्या धीटपणे हाताळला आहे, तितका अन्यत्र क्वचितच. मज्झिमनिकायात घटिकारसुत्त व रट्ठपालसुत्त ही दोन सुत्ते एकापाठोपाठ, ८१ व ८२ ह्या क्रमांकांनी येतात. संग्राहकांनी ती शेजारी ठेवण्यात काही हेतू धरला असो वा नसो, वाचणाऱ्याला त्या दोहोंत एक संवाद ऐकू येतो.

रट्ठपाल हा कुरुदेशातील धनिकाचा एकुलता पुत्र. आईबाप परवानगी देत नाहीत, म्हणून तो उघड्या जमिनीवर अन्नपाण्यावाचून पडून राहतो आणि अखेर संमती मिळवून भिक्षू होतो. येथे एखाद्या चरित्रकाराने जयघोष करून कथा संपवली असती. सुत्तकार मात्र रट्ठपालाला पुन्हा त्याच दारी भिक्षेसाठी आणून उभा करतो. बाप त्याला ओळखत नाही. ह्याच मुंडक्यांनी आपला एकुलता मुलगा नेला, असे म्हणून तो त्या भिक्षूला शिव्या देऊन घालवतो. घरातील दासी शिळी पेज फेकायला बाहेर येते, ती त्याच्या पात्रात ओतते, आणि हातापायांवरून व आवाजावरून तीच धन्याच्या मुलाला ओळखते. बापाचा तो संताप सुत्तकाराने जसाच्या तसा ठेवला आहे. संघाची थोरवी सांगणाऱ्या ग्रंथात संघाविरुद्धचे हे गाऱ्हाणे नोंदले जावे, ही वाङ्मयीन प्रामाणिकपणाची मोठी खूण होय.

घटिकाराची गोष्ट कोसलदेशात, म्हणजे आजच्या अवधातच, सांगितली आहे. घटिकार हा कुंभार; त्याचे आईबाप वृद्ध आणि अंध. काश्यप बुद्धाचे प्रवचन ऐकल्यावर त्याचा मित्र ज्योतिपाल विचारतो की असा धर्म ऐकूनही तू घर का सोडीत नाहीस. घटिकार आपल्या आंधळ्या आईबापांची आठवण देतो. ज्योतिपाल भिक्षू होतो आणि घटिकार चाकापाशी परत जातो. ह्यापुढची कलाटणी विलक्षण आहे. काशीचा राजा काश्यपाला वर्षावासाचे निमंत्रण देतो, तेव्हा काश्यप राजापुढे गुणवर्णन करतो ते कुंभाराचे. आपण त्याच्या घरी गेलो, तो बाहेर गेला होता, त्याच्या आंधळ्या आईबापांनी भांड्यातून अन्न वाढून घ्यावयास सांगितले आणि आपण ते घेतले, हे तो राजाला सांगतो. राहिलेल्याच्या घरी बुद्ध स्वतः चालत आला. आणि जो ज्योतिपाल निघून गेला, तोच पूर्वजन्मीचा गौतम, असे सुत्ताच्या शेवटी कळते. आपल्याच पूर्वजन्मीच्या कथेत गौतमाने नायकपद घरी राहिलेल्या मित्राला दिले आहे.

तिसरा मार्ग सामजातकाच्या प्रास्ताविकात दिसतो. श्रावस्तीच्या एका भिक्षूचे श्रीमंत आईबाप निर्धन होऊन भीक मागू लागतात. तो आपल्याला मिळालेल्या भिक्षेतून त्यांना पोसतो. इतर भिक्षू तक्रार करतात. बुद्ध त्याला दोष देण्याऐवजी त्याची प्रशंसा करतो आणि आंधळ्या मातापित्यांना सांभाळणाऱ्या सामाचे जातक सांगतो.

ह्या सर्व कथांना विनयातील एका नियमाची जोड आहे. राहुलाला प्रव्रज्या दिली गेली, तेव्हा वृद्ध शुद्धोदनाने बुद्धापाशी आपले दुःख बोलून दाखवले. पुत्र गेला, मग नंद गेला, आता नातूही गेला. त्यावर मातापित्यांच्या अनुज्ञेवाचून कोणत्याही मुलाला प्रव्रज्या देऊ नये, असा नियम झाला. उपसंपदेच्या वेळी उमेदवाराला जे प्रश्न विचारले जातात, त्यांत तू कर्जातून मुक्त आहेस ना, राजाच्या चाकरीत नाहीस ना, ह्यांच्या लगतच मातापित्यांची अनुज्ञा आहे ना, हाही प्रश्न येतो. मातापित्यांचा हक्क ऋणाच्या पंक्तीत बसवणारा हा क्रम फार बोलका आहे. एका म्हाताऱ्याच्या दुःखाने धर्मसंस्थेचा नियम बदलला, हे धर्माच्या इतिहासात वारंवार घडणारे नव्हे.

४

मराठी मनावर ह्या प्रश्नाचे जे पहिले संस्कार झाले, ते पुंडलिकाच्या कथेने. ही कथा इतकी परिचित आहे की तिची रचना आपण नीट पाहत नाही. आईबापांना छळणारा पुंडलीक काशीयात्रेला निघतो, कुक्कुटमुनीच्या आश्रमात त्याचे डोळे उघडतात, आणि तो तीर्थाला पाठ फिरवून घरी येतो. मग देव त्याच्या दारी येतो आणि सेवा आटोपेपर्यंत विटेवर थांबतो. घटिकाराच्या घरी आलेला काश्यप आणि पुंडलिकाच्या दारी आलेला पांडुरंग ह्यांतील साम्य नजरेत भरण्यासारखे आहे. एका कथेतून दुसरी निघाली, असे म्हणण्याचे कारण नाही. दोन्ही परंपरांना स्वतंत्रपणे जाणवले की जाणाऱ्यांचा गौरव करणाऱ्या धर्माला राहणाऱ्यांचा न्याय करावाच लागतो. महाराष्ट्राने तो न्याय इतक्या टोकाला नेला, की आपल्या सर्वांत मोठ्या तीर्थाचा पायाच तीर्थयात्रेतून परत फिरलेल्या माणसाच्या घरात घातला.

पण ह्याच महाराष्ट्रात निघणाऱ्यांची परंपराही तितकीच बलवान आहे. ज्ञानदेवांचे पिता विठ्ठलपंत काशीला जाऊन संन्यास घेतात. मागे पत्नी आहे हे कळताच गुरू त्यांना परत पाठवतात. गुरूने शिष्याला परत पाठवणे आणि विनयाने अनुज्ञा विचारणे ही एकाच जाणिवेची दोन रूपे होत.

रामदासांची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. १६०८ साली जांब येथे जन्मलेला नारायण लग्नाच्या बोहल्यावरून निघून गेला. टाकळीची तपश्चर्या व देशाटन ह्यांत, परंपरेच्या हिशोबाने, चोवीस वर्षे गेल्यावर तो जांबला परतला. तोपर्यंत आई राणूबाई रडून रडून आंधळी झाली होती. मुलाने डोळ्यांवरून हात फिरवला आणि तिला दृष्टी आली. आमच्या कसोटीला ही कथा अर्धी उतरते. ती घरी परत येते, एवढेच नव्हे तर आईचे आंधळेपण लपवून न ठेवता सांगते. परंतु चोवीस वर्षांचा अंधार ती एका स्पर्शात मिटवते. त्या चोवीस वर्षांत राणूबाईंचा हात धरून त्यांना देवघरापर्यंत कोण नेत होते? वडील बंधू गंगाधरपंत, संप्रदायात ज्यांना श्रेष्ठ म्हणतात ते, घरीच होते. तेही रामोपासक होते आणि ग्रंथकारही होते. संप्रदायाने त्यांना ‘श्रेष्ठ’ हे नाव देऊन एक प्रकारे ऋण मान्य केले. पण मराठी वाचकाच्या स्मरणात त्यांचे चरित्र एका वाक्यापलीकडे जात नाही. जवळजवळ प्रत्येक जाणाऱ्याच्या मागे असा एक राहणारा असतो. त्याच्या राहण्यामुळे दुसऱ्याचे जाणे शक्य झालेले असते.

५

एकोणिसाव्या शतकात ह्या जुन्या पेचाला नवे रूप आले. धर्मसेवा आता संस्थांच्या द्वारे, वर्गण्या जमवून, आगबोटीची तिकिटे काढून होऊ लागली. अमेरिकेतील मेथडिस्ट एपिस्कोपल पंथाच्या स्त्रियांनी १८६९ साली स्थापलेल्या परदेशी मिशनरी सोसायटीने ज्या पहिल्या दोघींना हिंदुस्थानात धाडले, त्यांपैकी क्लारा स्वेन बरेलीला गेल्या आणि इझाबेला थोबर्न लखनौला आल्या. १८७० साली अमिनाबादच्या बाजारात त्यांनी सहा मुलींची शाळा सुरू केली. तिच्यातूनच पुढे इझाबेला थोबर्न कॉलेज उभे राहिले. १९०१ साली पटकीने त्यांचा अंत झाला, तोही लखनौलाच. ह्या संस्थेने अविवाहित स्त्रियांना पाठवले, ही गोष्ट आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. त्या काळच्या पाश्चात्त्य कुटुंबांत म्हाताऱ्या आईबापांपाशी राहण्याचे काम बहुधा अविवाहित मुलीकडेच येई. म्हणजे मिशनने ज्यांना बोलावले, त्याच मुलींवर घराचीही नजर होती. लालबागेतल्या इमारतींचा इतिहास लिहिला जातो. समुद्रापलीकडच्या ज्या घरांनी ह्या मुली दिल्या, त्यांचा इतिहास लिहिण्याची कोणाला आठवण होत नाही.

ह्याच प्रदेशात त्याआधी दोन दशके एका मराठी घरात हा पेच उभा राहिला होता. नीळकंठशास्त्री गोरे हे काशीत स्थायिक झालेल्या चित्पावन कुटुंबातले, जन्म १८२५. ख्रिस्ती मताच्या खंडनार्थ ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ लिहिणारा हा पंडित वादाच्या ओघात त्याच मताकडे खेचला गेला आणि १८४८ साली त्याने बाप्तिस्मा घेतला. तो विधी काशीत न होता जौनपूरला झाला, एवढा एक तपशीलसुद्धा घर किती जवळ होते हे सांगायला पुरेसा आहे. नेहेम्या गोरे ह्या नावाने ते पुढे धर्मोपदेशक झाले आणि १८९५ साली मुंबईत वारले. त्यांची कन्या एलन लक्ष्मी आईवेगळी होऊन इंग्रजी कुटुंबात वाढली व १८८० साली मिशनच्या कामासाठी हिंदुस्थानात परत आली. पित्याच्या बाबतीत जी वाट घरापासून दूर गेली, तीच मुलीला पित्याच्या देशात घेऊन आली.

बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदय’ (१८८८) ह्या आत्मचरित्राचे मराठी गद्याच्या इतिहासातील स्थान निर्विवाद आहे. १८३१ साली बेळगावला जन्मलेल्या ह्या लेखकाने आपल्या जुन्या घरातील व्रतवैकल्ये, देवपूजा आणि श्रद्धा ह्यांचे चित्रण इतक्या बारकाव्याने केले आहे, की ते घर सोडणाऱ्याने लिहिले आहे ह्याचा क्षणभर विसर पडावा. तथापि ग्रंथाचे नावच त्याची दिशा सांगते. अरुणोदय म्हटले की मागे राहिले ते अंधारात राहिले. ह्या रूपकाच्या चौकटीत आईबापांच्या दुःखाला स्वतःचे प्रामाण्य मिळणे कठीण होते. लेखकाची स्मरणशक्ती घराशी एकनिष्ठ राहते आणि त्याची मीमांसा घराला मागे टाकते. ग्रंथाचे खरे बळ ह्या दोहोंतील ताणात आहे, असे मला वाटते.

पंडिता रमाबाईंच्या बाबतीत हा प्रश्न वेगळ्याच तऱ्हेने येतो. त्यांचे आईवडील १८७४ साली, दुष्काळातील भटकंतीत, एकामागून एक गेले. आईचे प्रेत उचलायला पुरेशी माणसेही मिळाली नाहीत. आपल्या धर्मपरिवर्तनाची हकीकत सांगताना रमाबाई आधी त्या मरणांपाशी थांबतात. ज्या धर्मावर श्रद्धा ठेवून आईबाप गेले तो त्यांनी सोडला, पण आईबापांविषयीचा आदर सोडला नाही. त्यांची कन्या मनोरमाबाई विलायतेत व अमेरिकेत शिकून केडगावला परतली, तेव्हा तिच्यापुढे आई आणि मिशन असे दोन पर्यायच नव्हते. म्हातारी होत चाललेली आई हेच मिशन होते. ह्यात सुख होते तसा भारही होता. कारण अशा मुलीला घरी जाऊन विसावावे असे घरच उरत नाही. मनोरमाबाई १९२१ साली वारल्या आणि रमाबाई त्यांच्या मागून १९२२ साली. जिने आईचा शेवट सांभाळावयाचा, तिचा शेवट आईलाच पाहावा लागला.

६

ह्या सर्व उदाहरणांत मराठी समीक्षेने ज्याच्यापाशी अधिक वेळ थांबावे, असा ग्रंथ धर्मानंद कोसंबींचे ‘निवेदन’ (१९२४) हा होय. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेला, फारसे शालेय शिक्षण न झालेला, माडांची देखभाल करणारा हा तरुण बुद्धाविषयी काही वाचतो आणि त्या वाचनाने त्याचे आयुष्य बदलते. पण ते एका रात्रीत बदलत नाही. वडिलांच्या हयातीत त्यांनी कायमचे घर सोडले नाही. वडील गेले, आणि नंतर १८९९ साली ते निघाले. पुणे, ग्वाल्हेर करीत काशीला पोचले, अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले, नेपाळला जाऊन आले आणि १९०२ साली सिंहलद्वीपात पोचले.

येथे एक कठोर सत्य नोंदवणे भाग आहे. वडील गेल्याने धर्मानंद मोकळे झाले नाहीत. घरात पत्नी बाळाबाई होती आणि तान्ही मुलगी होती. वृद्ध पित्याविषयीचे कर्तव्य काळाने सोडवले, त्याच्या जागी दुसरे उभे राहिले, आणि ह्या वेळी ते थांबले नाहीत. घर कधीच पूर्णपणे मोकळे होत नसते. आईबाप असेपर्यंत थांबू, असे म्हणणाऱ्या पुष्कळ माणसांना हा अनुभव येतो. ‘निवेदना’ची थोरवी अशी की लेखक ह्या हिशोबाला अलंकार चढवीत नाही. ग्रंथाचे नावसुद्धा किती नम्र आहे पाहा. पदमनजींनी उजाडल्याची ग्वाही दिली. कोसंबींनी घडले ते निवेदन केले. बोधाचा साक्षात्कारी क्षण, आकाशवाणी, रोमांच ह्यांपैकी काही नाही. पैसे किती होते, जेवायला कोठे मिळाले, आजार कोणता झाला, अशा साध्या तपशिलांतून एक तळमळ पुढे सरकत राहते.

‘निवेदना’चे खरे भाष्य मात्र मला त्यांच्याच ‘भगवान बुद्ध’ (१९४०-४१) ह्या ग्रंथात सापडते. सिद्धार्थ मध्यरात्री, सर्व झोपलेले असता, कंथकावर बसून पळून गेला, ही सर्वांच्या परिचयाची कथा कोसंबींनी नाकारली. अरियपरियेसनसुत्ताच्या आधाराने त्यांनी दाखवले, की त्या जुन्या सुत्तात बोधिसत्त्व मातापिता रडत असताना त्यांच्या डोळ्यांदेखत केस कापून, काषाय वस्त्रे घालून घराबाहेर पडतो. विद्वानांनी ह्या मुद्द्याकडे ऐतिहासिक प्रमाणांचा प्रश्न म्हणून पाहिले आहे, आणि ते योग्यच आहे. पण त्यात एक नैतिक आग्रहही आहे. रात्रीच्या पलायनाच्या कथेत जाणाऱ्याला रडणाऱ्यांचे तोंड पाहावे लागत नाही. सुत्तातल्या प्रसंगात ते पाहावे लागते. ज्याने स्वतः घर सोडले होते, त्या संशोधकाने आपल्या चरित्रनायकाची ही पळवाट बंद केली. निघायचे असेल तर उजेडात, त्यांच्यासमोर, त्यांच्या अश्रूंची जबाबदारी घेऊन निघावे, असेच जणू त्यांना म्हणावयाचे होते. साहित्य अकादमीने ह्या ग्रंथाची भारतीय भाषांत भाषांतरे करविली, त्यामुळे हा बुद्ध मराठीबाहेरच्या वाचकांनाही भेटला.

आणखी एक लहानशी गोष्ट. १९०७ साली झालेल्या मुलाचे नाव त्यांनी दामोदर ठेवले. दामोदर हे त्यांच्या वडिलांचे नाव. आजोबांचे नाव नातवाला देण्याची रीत आपल्याकडे सार्वत्रिक आहे, तेव्हा तीवर फार भार घालू नये. तरीपण देशोदेशी फिरलेल्या, भिक्षू होऊन पुन्हा गृहस्थ झालेल्या माणसाच्या चरित्रात हे नाव वाचताना साखवाळचे ते जुने घर पुन्हा दिसते.

७

विनोबांच्या जीवनात हाच प्रश्न आपल्या अगदी जवळच्या काळात आला. २५ मार्च १९१६ रोजी इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईला निघालेले विनायक नरहर भावे सुरतेला उतरले, आपण मुंबईस न जाता अन्यत्र जात आहोत असे वडिलांना पत्राने कळवून, काशीला गेले. तेथून ते गांधींच्या आश्रमात आले. गांधींनी लौकरच वडिलांना पत्र लिहून मुलगा आपल्यापाशी असल्याचे कळवले. अनुज्ञा आधी न घेतलेल्या पुत्राच्या वतीने गुरूने घराशी संधान बांधावे, ही विनयातील त्या जुन्या नियमाची आठवण करून देणारी गोष्ट आहे.

आई १९१८ साली इन्फ्लुएन्झाच्या साथीत गेली. विनोबा तिच्यापाशी आले होते. अंत्यविधी पुरोहिताकडून होणार असे ठरल्यावर मात्र ते स्मशानात गेले नाहीत. घरीच वाचन करीत बसले. ह्या वागण्याने पुष्कळांचे मन दुखावते आणि ते समजण्यासारखे आहे. परंतु आईविषयीची ओढ आणि तत्त्वाची निष्ठा ह्यांत त्यांनी कोणतीही खोटी तडजोड दाखवली नाही, हेही तितकेच खरे. पुढे आईचे दोन धाकटे मुलगे, बाळकोबा व शिवाजीराव, हेही ब्रह्मचर्याच्या व सेवेच्या वाटेला लागले. नरहरपंत १९४७ सालापर्यंत जगले. तीन मुलगे देशाला आणि धर्माला दिलेल्या ह्या पित्याचे उत्तरायुष्य हा आपल्या वाङ्मयाने जवळजवळ न लिहिलेला विषय आहे. त्यांचा शेवट धुळ्यास शिवाजीरावांपाशी झाला. निघालेल्या तिघांपैकी एकाने म्हाताऱ्या बापाला आपल्या आश्रमजीवनात सामावून घेतले. सामजातकातील भिक्षूने भिक्षापात्रातून आईबापांना पोसले, तसाच हा मार्ग.

वाङ्मयाच्या दृष्टीने ह्या हकीकतीचे फळ म्हणजे ‘गीताई’. आईला संस्कृत गीता समजत नव्हती, मराठी गीता हवी होती. तू स्वतःच का लिहीत नाहीस, असे तिने मुलाला म्हटले होते. ती गेल्यावर बारा वर्षांनी, १९३०-३१ मध्ये, विनोबांनी ती लिहिली. रामदासांनी आईला दृष्टी दिली ही आख्यायिका आहे. विनोबांनी आईला हवी असलेली गीता लिहिली ही नोंदलेली हकीकत आहे, आणि तिच्यात चमत्कार नसल्यामुळे तिचे दुःखही शिल्लक राहते. आई ती वाचायला नव्हती. पुत्राच्या धर्मसेवेचा सर्वांत टिकाऊ भाग त्याने सोडलेल्या घरातील एका मागणीतून निघाला, ही गोष्ट निघणे आणि राहणे ह्यांतील भिंत आपण समजतो तितकी जाड नसल्याचे सांगते.

८

आतापर्यंत पाहिलेल्या ग्रंथांत लेखणी बहुधा निघणाऱ्याच्या किंवा त्याच्या अनुयायांच्या हातात होती. राहणाऱ्याने लिहिलेला मराठीतील मोठा ग्रंथ एकच, आणि तो म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (१९३४-३७). नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई काही वर्षे मागे, माहेरच्या माणसांत, सोवळेओवळे सांभाळीत राहिल्या. ही कथा पत्नीची आहे, आईची वा पित्याची नाही. तरीसुद्धा जाणाऱ्याच्या थोर निश्चयाचा घरातल्या माणसांना कसा अनुभव येतो, हे तिच्यामुळे मराठी वाचकाला प्रथम कळले. लक्ष्मीबाई तक्रार करीत नाहीत आणि पूजाही बांधीत नाहीत. त्यांच्या विनोदात नवऱ्याची थोरवी व त्याचा अव्यवहारीपणा शेजारी शेजारी नांदतात. जाणाऱ्याने लिहिलेल्या कोणत्याही चरित्रात हा तोल सापडणे कठीण.

ह्यावरून आपल्या वाङ्मयातील उणीव स्पष्ट होते. म्हाताऱ्या आईबापांनी स्वतः सांगितलेली कथा आपल्यापाशी नाही. राणूबाई, नरहरपंत, गोऱ्यांच्या घरचे वडील माणूस, ह्यांपैकी कोणी काय भोगले, त्यांनी मनातून कधी संमती दिली काय, मुलाच्या कीर्तीने त्यांना सुख झाले की ती कीर्ती त्यांना परक्याची वाटली, हे आपण दुसऱ्याच्या तोंडून ऐकतो. तसाच तयारीचा काळही अलिखित आहे. निघण्याच्या दिवसाचे वर्णन सर्वांनी केले. निघावयाचे ठरले आहे पण अद्याप निघालेला नाही, सकाळी ग्रंथ वाचतो आणि दुपारी आईला औषध देतो, अशा माणसाची दोन-चार वर्षे मराठी कादंबरीने अजून आपला विषय केलेली नाहीत. खरा पेच त्या वर्षांत असतो. निरोपाच्या दिवशी तो बहुधा सुटलेला किंवा मोडलेला असतो.

पुढच्या लेखकाला हा विषय घ्यावयाचा असेल, तर पूर्वसूरींनी त्याला पुष्कळ देऊन ठेवले आहे. रिकाम्या रथाबरोबर परत येण्याची वाल्मीकीची रीत आहे, बापाच्या शिव्या जशाच्या तशा लिहून ठेवण्याचे सुत्तकाराचे धैर्य आहे, रडणाऱ्या आईबापांच्या समोरून निघण्याचा कोसंबींचा आग्रह आहे. धर्माची वाट धरणारे पुढेही निघतील आणि काही पुंडलिकासारखे राहतील. दोघांपैकी कोणालाही लहान न करता त्यांची कथा सांगणे एवढे वाङ्मयाच्या हाती आहे, आणि मराठीपुरते बोलायचे तर ते काम बरेचसे अजून व्हावयाचे आहे.